कर्लिंग: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी ऑलिंपिक आलं की टीव्हीवर बर्फावरून दगड सरकतो, दोघंजण त्याच्यापुढे ब्रश घासत पळतात, मागून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडतं, आणि घरोघरी प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. मापं आणि नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांचे आहेत. क्लबच्या खेळात जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

हा खेळ थोडक्यात काय आहे?

दोन संघ, प्रत्येकी चार खेळाडू. बर्फाच्या लांब पट्टीच्या एका टोकाकडून ग्रॅनाइटचे दगड समोरच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांकडे सरकवायचे. दोन्ही संघ आळीपाळीनं एकेक दगड टाकतात. प्रत्येक संघाचे आठ म्हणजे एकूण सोळा दगड झाले की एक ‘एंड’ संपतो, गुण मोजतात आणि पुढचा एंड उलट दिशेनं खेळतात. असे दहा एंड होतात. क्लबात बहुधा आठच खेळतात, त्याला दोनेक तास लागतात.

स्वतःचा दगड मध्याजवळ नेणं हे निम्मं काम. समोरच्याचा दगड उडवणं, आपल्या दगडापुढे आडोसा उभा करणं आणि समोरच्याला अवघड जागी खेळायला लावणं हे उरलेलं निम्मं. कॅरम खेळलेल्या माणसाला यातला कोन लगेच कळतो: सोंगटीच्या कडेला किती लागलं की ती कुठे जाईल आणि स्ट्रायकर कुठे थांबेल, हाच हिशोब इथे आहे. फक्त इथला स्ट्रायकर अठरा-एकोणीस किलोचा असतो आणि वाटेत वळतो.

पट्टी केवढी असते?

लांबी ४५.७२ मीटर, रुंदी जास्तीत जास्त ५ मीटर. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब असतं. अशी तीन कोर्टं एकापुढे एक मांडली तरी पट्टी पुरी होत नाही.

दोन्ही टोकांना वर्तुळं असतात, त्यांना मिळून ‘हाउस’ म्हणतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या १.८३ मीटर, त्याच्या आत १.२२ मीटर, मग ०.६१ मीटर आणि अगदी मध्ये ‘बटन’. रंगांना गुण नाहीत. निळ्यात पडला म्हणून कमी, लाल भागात पडला म्हणून जास्त असं काही नसतं. रंग नुसते अंतर नजरेत भरावं म्हणून.

बटनाच्या मध्यातून आडवी जाणारी रेषा म्हणजे टी लाइन. तिच्या पुढे ६.४० मीटरवर हॉग लाइन आणि मागे हाउसला चिकटून बॅक लाइन. टाकणाऱ्यानं जवळच्या हॉग लाइनच्या आत दगड हातातून सोडलाच पाहिजे. त्या दगडानं पलीकडची हॉग लाइन पूर्ण ओलांडली नाही तर तो बाद. अपवाद एकच: वाटेत खेळातल्या दुसऱ्या दगडावर आपटून अलीकडे थांबला तर तो राहतो. बॅक लाइन पूर्ण ओलांडली किंवा बाजूच्या रेषेला स्पर्श झाला की बादच. मोठ्या स्पर्धांत दगडाच्या मुठीत सेन्सर बसवलेले असतात. वेळेत सोडला तर हिरवा दिवा, उशीर झाला तर लाल.

दगड एवढा खास कशासाठी?

वजन १७.२४ ते १९.९६ किलो, घेर ९१.४४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, उंची किमान ११.४३ सेंटिमीटर. वर मूठ, तीत रंग. ऑलिंपिकमधले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या एल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. तिथला ‘ब्लू होन’ प्रकार इतका घट्ट विणीचा आहे की तो पाणी जवळजवळ शोषत नाही. दगडात पाणी शिरलं, गोठलं, फुगलं की तळाचे कपचे निघतात. म्हणून तळ ब्लू होनचा आणि टक्कर सोसणारं अंग ‘कॉमन ग्रीन’चं, अशी जोडणी करतात.

तळ सपाट नसतो. मधून खोलगट असतो आणि बर्फाला टेकतं ते फक्त एक अरुंद कडं, काही मिलिमीटर रुंदीचं. सगळी करामत त्या कड्याची. त्याखाली एक केस, ब्रशचा धागा किंवा बर्फाचा कण आला तरी दगड अचानक बाजूला ओढला जातो किंवा मध्येच मंदावतो. म्हणूनच प्रत्येक खेळाडू दगड टाकण्याआधी तो कलता करून तळ पुसतो. ते शकुनासाठी नसतं.

गुण कसे मोजतात? दोन्ही संघांना मिळतात का?

नाही. एका एंडला एकाच संघाला गुण मिळतात. ज्याचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, तो संघ एंड जिंकतो. मग बघायचं, समोरच्याचा सर्वांत जवळचा दगड कुठे आहे. त्याच्याहून आत जिंकलेल्या संघाचे जितके दगड, तितके गुण.

उदाहरण घ्या. मध्यापासून क्रमानं लाल, लाल, पिवळा, लाल, लाल असे पाच दगड आहेत. लालला दोन गुण. पिवळ्याच्या पलीकडचे लाल हाउसमध्ये असले तरी मोजायचे नाहीत. आता तो पिवळा कुणी उडवला असता तर लालला चार. एका दगडावर दोन गुणांचा फरक पडतो, म्हणून शेवटच्या दोन दगडांच्या वेळी सगळे एवढे कुजबुजतात.

हाउसच्या बाहेरच्या कडेला वरून पाहता नुसता चाटून असलेला दगडही धरतात. जवळचा कोण हे डोळ्यांनी ठरत नसेल तर बटनाच्या मध्यावरच्या छिद्रात टोक अडकवून फिरवायचं मापक असतं, त्यानं मोजतात. कुणाचाच दगड हाउसला लागत नसेल तर एंड कोरा, शून्य-शून्य.

‘हॅमर’ म्हणून जे सारखं म्हणतात ते काय?

एंडमधला शेवटचा दगड. कर्लिंगमध्ये याच्याइतकं मौल्यवान काही नाही, आणि नवा प्रेक्षक सामना समजत नाही म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला हॅमर कुणाकडे आहे हेच माहीत नसतं.

नियम असा: ज्यानं गुण घेतले त्याच्याकडून पुढच्या एंडचा हॅमर जातो. एंड कोरा गेला तर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट घडते. हॅमर असलेला संघ शेवटचा दगड मुद्दाम हाउसमधून आरपार घालवतो, आणि समालोचक म्हणतात वा! कारण एकच गुण घेतला तर हॅमर समोरच्याला द्यावा लागतो. त्यापेक्षा शून्य घेऊन हॅमर राखावा आणि पुढच्या एंडला दोनासाठी खेळावं.

म्हणजे हॅमर असलेल्याचं गणित दोन किंवा अधिक, नाहीतर कोरा. हॅमर नसलेल्याचं गणित बरोबर उलट: समोरच्याला जेमतेम एकावर अडवायचं, किंवा हॅमर नसतानाच गुण काढायचा. याला ‘स्टील’ म्हणतात, आणि सामने यानंच फिरतात.

मांडणीवरून संघाच्या मनातलं ओळखता येतं. हॅमर नसलेला संघ पहिलाच दगड हाउसच्या पुढे मधोमध ठेवतो, मधला रस्ता बंद करायला. हॅमर असलेल्याला मधला रस्ता मोकळा हवा असतो, म्हणून तो आपले आडोसे बाजूला लावतो.

सामन्याचा पहिला हॅमर क्लबात नाणेफेकीवर ठरतो. मोठ्या स्पर्धांत सामन्याआधी दोन्ही संघ बटनाच्या दिशेनं दगड टाकतात, अंतर मोजतात, ज्याची बेरीज कमी त्याला हॅमर.

चौघांची कामं काय? कप्तान झाडू घेऊन उभाच का असतो?

लीड पहिले दोन दगड टाकतो, सेकंड पुढचे दोन, मग थर्ड ऊर्फ व्हाइस, शेवटी स्किप म्हणजे कप्तान. प्रत्येकाला एंडमागे दोन. लीडचं काम नाजूक, गार्ड (आडोशाचा दगड) आणि ड्रॉचं (हाउसमध्ये नेऊन थांबवायचा दगड). सेकंडला जोरदार हिट हवी, म्हणजे समोरच्याचा दगड उडवता यायला हवा. व्हाइसला सगळंच यावं लागतं.

स्किप उभा असतो म्हणून रिकामा नसतो. तो बर्फ वाचतो: कुठल्या बाजूनं दगड जास्त वळतोय, मधल्या वाटेवर किती घासलंय, मागच्या एंडला इथे काय झालं. मग तो ब्रश बर्फावर टेकवून धरतो. टाकणाऱ्याचं लक्ष्य तो ब्रश, दगड जिथे पोचायचा ती जागा नव्हे. वळणाची सूट धरूनच ब्रश ठेवलेला असतो. स्किपची टाकायची पाळी आली की व्हाइस हाउसमध्ये उभा राहतो.

प्रत्येक दगडाला तीन गोष्टी लागतात: दिशा, जोर आणि फिरकी. टाकणाऱ्याला दिशा कळते, जोर हाताला जाणवतो, पण वाटेत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. जोर नेमका किती आहे हे दगडाबरोबर चालणाऱ्या ब्रशवाल्यांना सर्वांत चांगलं कळतं. दिशा धरली आहे की सुटतेय हे समोरून स्किपलाच दिसतं. त्यामुळे चांगला हात असलेले चौघं जमवले म्हणजे संघ झाला असं होत नाही. ब्रशवाल्यांनी ‘जोर कमी आहे’ हे पहिल्या काही मीटरांतच सांगितलं नाही तर उरलेल्या वाटेत कितीही घासा, उपयोग होत नाही.

दगड टाकायचा कसा? पायरीपायरीनं सांगा.

उजव्या हातानं टाकणाऱ्यासाठी सांगतो, डावखुऱ्यानं उलट करावं. पट्टीच्या टोकाला रबरी आधार असतात, त्यांना हॅक म्हणतात. उजवा पाय डावीकडच्या हॅकमध्ये, चवड्यावर. डाव्या बुटाला खाली गुळगुळीत स्लायडर असतो, तो पाय बर्फावर सपाट. डाव्या हातात तोल सांभाळायला ब्रश. उकिडवं बसायचं, खांदे आणि कंबर सरळ स्किपच्या ब्रशसमोर.

दगड पुसून पुढे घ्या. मूठ बोटांनी धरा, तळहातानं आवळू नका. घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा असेल तर मुठीचं टोक दहाच्या आकड्याकडे, उलट फिरवायचा असेल तर दोनच्या आकड्याकडे. दगड थोडा पुढे सरकवून मग मागे ओढा, त्याबरोबर डावा पाय मागे आणि कंबर वर. आता क्रम महत्त्वाचा: आधी दगड पुढे निघतो, मग डावा पाय त्याच्या मागोमाग छातीखाली येतो, मग उजव्या पायानं हॅकला रेटा. जोर पायातून येतो, हातातून नाही. हातानं ढकललेला दगड बहुतेकदा दिशा सोडतो. शेवटच्या मीटरभरात मूठ बाराच्या आकड्याकडे आणत, हस्तांदोलनाच्या पवित्र्यात, दगड सोडून द्यायचा.

नवख्यांच्या चुका जवळजवळ ठरलेल्या. शरीराचा भार दगडावर येतो आणि दगड सुटताच माणूस तोंडावर येतो. भार डाव्या पायावर हवा, दगड काढून घेतला तरी पुढे सरकत राहता आलं पाहिजे. दुसरी चूक फिरकी देताना मनगट झटकणं, त्यानं दगड ब्रशच्या बाहेर निघतो. तिसरी, फिरकीच न देणं. न फिरणारा दगड सरळ जाईल असं वाटतं, पण तो कुठल्याही बाजूला भरकटतो आणि ब्रशवाल्यांना काही अंदाज करता येत नाही.

दगड वळतो कसा?

घड्याळाच्या दिशेनं फिरवला तर उजवीकडे, उलट फिरवला तर डावीकडे. पूर्ण वाटेत दगड साधारण दोन ते चार फेरे घेतो आणि चांगल्या बर्फावर मीटर-दीड मीटर वळतो. बरंचसं वळण शेवटच्या टप्प्यात, वेग उतरल्यावर.

गंमत अशी की हे सर्वसाधारण घर्षणाच्या उलट आहे. स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत ओट्यावर स्टीलचा पेला पालथा घालून घड्याळाच्या दिशेनं फिरवत सरकवा. तो डावीकडे जाईल. सरकताना पेल्याची पुढची कड जास्त दाबली जाते, तिथे घर्षण जास्त, आणि ती कड उजवीकडे फिरत असल्यानं घर्षण पेल्याला डावीकडे रेटतं. कर्लिंगचा दगड उजवीकडे का जातो याबद्दल भौतिकशास्त्रज्ञांमध्ये आजही एकमत नाही. बर्फावरच्या दाण्यांशी आणि दगडाच्या त्या अरुंद कड्याच्या खरबरीतपणाशी त्याचा संबंध आहे एवढं मात्र नक्की.

दाणे? बर्फ गुळगुळीत नसतो?

नसतो, आणि तसा असता तर खेळच झाला नसता. आरशासारख्या बर्फावर दगडाचं कडं सगळीकडे टेकतं आणि निम्म्या वाटेतच तो बसतो. म्हणून खेळाआधी एकजण पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, हातातली झारी डोलवत, मागे मागे चालत कोमट शुद्ध पाण्याचे थेंब शिंपडतो. थेंब पडताच गोठतात. मग पात्यानं त्यांची टोकं छाटून सारख्या उंचीवर आणतात. दगड या दाण्यांच्या माथ्यावरून सरकतो.

सामन्यात दाणे झिजतात. सगळे दगड मधल्या वाटेनं गेले तर ती वाट आधी वेगवान होते, नंतर दाणे सपाट होऊन मंदावते. हे बदल ज्या स्किपला आधी कळतात तो जिंकतो. याच कारणानं बर्फावर गुडघा किंवा तळहात टेकून राहणं वर्ज्य आहे. अंगाच्या उबेनं तेवढी जागा वितळते आणि पुढचा दगड तिथे नाचतो.

ब्रश मारून खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि बराच. जोरात घासल्यानं बर्फाचा पृष्ठभाग क्षणभर किंचित गरम होतो, घर्षण उतरतं. परिणाम दोन: दगड लांब जातो आणि कमी वळतो. तगडे ब्रशवाले दगडाला तीनेक मीटर जादा नेऊ शकतात. मंद दगड पोचवायला घासायचं, आणि वळून आडोशावर आपटेल असा दगड सरळ ठेवायलाही घासायचं. उलट, दगड वळायला हवा असेल तर ब्रश उचलायचा. घासून वेग कमी करता येत नाही. जास्त जोरानं टाकलेल्या दगडाला इलाज नाही, म्हणून प्रशिक्षक म्हणतात की चूक करायचीच तर थोड्या कमी जोराची करा.

ब्रश हातानं नुसता वेगात हलवून भागत नाही. शरीराचं वजन ब्रशच्या डोक्यावर यावं लागतं: पाय मागे, छाती पुढे, हात जवळजवळ ताठ. नवखे कंबरेत वाकून दांडा हलवतात, दमतात आणि बर्फाला काही होत नाही.

टी लाइनच्या मागे नियम बदलतो. तिथे प्रत्येक संघाच्या एकाच खेळाडूला घासता येतं, आणि समोरच्या संघाचा खेळाडूही घासून दगड मागे घालवायचा प्रयत्न करू शकतो.

ते काय ओरडतात?

‘हरी’ किंवा ‘हार्ड’ म्हणजे जीव लावून घासा. ‘व्हो’ किंवा ‘ऑफ’ म्हणजे थांबा. ‘क्लीन’ म्हणजे दाब न देता पुढचा कचरा फक्त झाडा. बाकी प्रत्येक देश आपापल्या भाषेत ओरडतो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये कोरियाची स्किप किम उन-जंग आपल्या लीडला ‘योंग-मी!’ अशी हाक मारायची, आणि ते नावच कोरियाभर गाजलं. त्या संघाला रौप्य मिळालं. तो संघ ज्या उइसाँगचा, ते लसणाच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं ग्रामीण गाव आहे. लासलगावच्या कांद्याच्या जिल्ह्यात हिवाळी खेळ कोण खेळणार असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे आधी कर्लिंगचं केंद्र उभं राहिलं, मग शाळकरी मुली खेळू लागल्या.

पहिल्याच दगडांना कुणी उडवत का नाही?

हॉग लाइन आणि टी लाइन यांच्यामधला, पण हाउस सोडून असलेला भाग म्हणजे फ्री गार्ड झोन. एंडचे पहिले पाच दगड टाकले जाईपर्यंत तिथला समोरच्याचा दगड खेळाबाहेर घालवता येत नाही. घालवला तर तो परत जागेवर ठेवतात आणि टाकलेला दगड काढून घेतात. सहाव्या दगडापासून मोकळीक. हे बंधन नव्हतं तेव्हा पुढे असलेला संघ सगळं उडवत राहायचा आणि सामने कंटाळवाणे व्हायचे. हल्ली आणखी एक भर आहे: पट्टीच्या लांबीभर जाणाऱ्या मधल्या रेषेला टेकलेला असा गार्ड त्या काळात हळूच बाजूला सरकवायचीही मनाई.

टीव्हीवर बघताना नेमकं कुठे बघायचं?

आधी हॅमर कुणाचा ते बघा. मग स्किपचा ब्रश कुठे टेकलाय ते बघा, दगड सुटायच्या आधी. मोबाइलचं स्टॉपवॉच हाताशी ठेवा: दगड जवळच्या हॉग लाइनला लागला की सुरू, पलीकडच्या हॉग लाइनला बंद. अंतर २१.९५ मीटर. स्पर्धेच्या बर्फावर बटनापर्यंत जाऊन थांबणारा दगड साधारण १४ ते १५ सेकंद घेतो, जोराची हिट १० किंवा त्याहून कमी.

इथे भलेभले गोंधळतात. बटनावर थांबणाऱ्या दगडाला १३ ऐवजी १५ सेकंद लागत असतील तर बर्फ मंद नाही, वेगवान आहे. घर्षण कमी म्हणून दगड हळू सोडला तरी पोचतो, आणि हळू सोडला म्हणून वेळ जास्त लागतो.

पंच दिसत नाहीत. फसवणूक होत नाही का?

पंच असतात, पण बोलावल्याशिवाय फारसे मध्ये पडत नाहीत. चालत्या दगडाला ब्रश किंवा पाय लागला तर ज्याचा लागला त्यानं स्वतः सांगायचं अशी रीत आहे. पलीकडच्या हॉग लाइनच्या आधी आपल्याच दगडाला स्पर्श झाला तर तो लगेच उचलायचा. त्या रेषेच्या पुढे झाला तर सगळे दगड थांबू द्यायचे, मग समोरचा संघ ठरवतो: दगड काढायचा, आहे तसं राहू द्यायचं, की स्पर्श झाला नसता तर दगड जिथे गेले असते तिथे ठेवायचे.

सामना हाताबाहेर गेला की हस्तांदोलन करून हार मान्य करणं यात कमीपणा नाही. उलट आशा नसताना रेटत राहणं अशिष्ट समजतात.

मिक्स्ड डबल्स वेगळं काय?

एक स्त्री, एक पुरुष, आठ एंड. प्रत्येक एंडला संघाचा एक दगड आधीच मांडलेला असतो आणि पाच टाकायचे. पहिला आणि पाचवा एकानं, मधले तीन दुसऱ्यानं. मांडलेला दगडही गुणांत धरतात, म्हणून एका एंडला जास्तीत जास्त सहा. कोरा एंड झाला तर इथे हॅमर जातो, त्यामुळे राखून खेळायची सोय नाही. हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा प्रकार २०१८ पासून आहे. चौघांच्या संघांना पदकं १९९८ च्या नागानोपासून सलग आहेत.

निफाडचा पारा ५ अंशांखाली जातो. तिथे उघड्यावर बर्फ करता येईल का?

नाही. कर्लिंगला बर्फाचा पृष्ठभाग उणे ४-५ अंशांवर सतत स्थिर लागतो. निफाडला पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ आली तरी दुपारी ऊन तापतंच.

बंद सभागृहात मात्र जगात कुठेही करता येतो. जमिनीखाली नळ्यांचं जाळं, त्यातून थंड केलेलं न गोठणारं द्रावण, वर पाण्याचे पातळ पातळ थर एकेक गोठवत दोन-चार सेंटिमीटरचा बर्फ. द्राक्षांची शीतगृहं चालवणाऱ्या आपल्या भागात कॉम्प्रेसर समजणारी माणसं कमी नाहीत. खरी डोकेदुखी दोन गोष्टींची. पहिली हवेतला दमटपणा: पावसाळ्यात सभागृह कोरडं ठेवलं नाही तर दाण्यांवर हिम साठतं आणि दगड चिखलात रुतल्यासारखा थांबतो. दुसरी पाणी: बोअरच्या पाण्यातले क्षार बर्फ मऊ आणि असमान करतात, म्हणून क्षार काढलेलं पाणीच वापरावं लागतं. दगडही आधीपासून बर्फावर ठेवून गार करावे लागतात, नाहीतर जिथे उभे राहतील तिथे खळगा पाडतात.

मग नाशिकमध्ये हाताशी काय आहे?

फरशीवरचं कर्लिंग. दगडाखाली गोळ्यांची चाकं असतात आणि तो बॅडमिंटन हॉलच्या लाकडी किंवा शाळेच्या गुळगुळीत फरशीवर सरकतो. तो वळत नाही आणि ब्रशचा उपयोग नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. पण जोराचा अंदाज, गार्ड, हिटचा कोन, हॅमरचं गणित हे सगळं जसंच्या तसं शिकता येतं.

एका बॅडमिंटन कोर्टावर निम्म्या मापाचं हाउस बसतं. एका टोकाच्या रेषेपासून दीड मीटर आत मध्य धरा. खडू आणि सुतळीनं ९१, ६१ आणि ३० सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळं काढून त्यांवर कागदी मास्किंग टेप तुकड्या-तुकड्यांनी लावा. मध्यापासून ३.२० मीटरवर हॉग लाइन. टाकणारा दुसऱ्या टोकाच्या रेषेमागून टाकेल. दोन रंगांचे चार-चार दगड पुरतात. फ्री गार्डचा नियम पहिल्या तीन दगडांपुरता ठेवा.

दगड बनवून घ्यायचे असतील तर सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सहज होतील. गोल तळपट्टीला १२० अंशांच्या अंतरानं तीन बॉल कॅस्टर लावायला सांगा. चार लावू नका, चारांतलं एक नेहमी अधांतरी राहतं आणि दगड डुगडुगतो. गोळी नायलॉनची हवी, स्टीलची लाकडी फरशीवर ओरखडे काढते. कडेला रबरी पट्टी, म्हणजे टक्कर मऊ होते. आठही दगडांचं वजन काट्यावर एकसारखं करून घ्या, नाहीतर पोरं ‘चांगला’ दगड लपवायला लागतात.

वयस्कर माणसांना, व्हीलचेअरवरच्यांना जमेल का?

उकिडवं बसता येत नसेल तर मुठीला अडकवायची लांब काठी मिळते, उभ्यानं किंवा बसून दगड ढकलता येतो. व्हीलचेअर कर्लिंग २००६ पासून हिवाळी पॅरालिंपिकमध्ये आहे. त्यात ब्रश मारत नाहीत, त्यामुळे जोर आणि दिशा दोन्ही टाकतानाच अचूक लागतात. टाकताना मागून सहकारी खुर्ची धरून ठेवतो. फरशीवरच्या खेळात आजी-आजोबा आणि नातवंडं एकाच संघात चालतात.

पहिल्यांदा बर्फावर उतरताना काय काळजी घ्यावी?

परदेशी गेलेले बरेचजण एकदा खेळून बघतात, त्यांच्यासाठी. जीन्स नको, गुडघ्यात ताणली जाणारी पँट घाला. आत दोन थर, कारण ब्रश मारताना घाम येतो आणि थांबलं की थंडी वाजते. बूट बाहेरच्या मातीचे नकोत. क्लबात भाड्यानं स्लायडर मिळतो.

बर्फावर पाय ठेवताना आधी रबरी तळाचा पाय, उतरताना स्लायडरचा आधी उचला. बहुतेक जण मागे पडतात आणि डोकं आपटतं, म्हणून पहिल्या दिवशी हेल्मेट मागायला लाजू नका. चालत्या दगडाला पायानं अडवायचं नाही, त्यावरून उडीही मारायची नाही. आणि दगड उचलायचा कधीच नाही, सरकवायचाच. अठरा-एकोणीस किलो वाकून उचलले की कंबरेची वाट लागते, आणि हातातून निसटला तर बर्फाला पडलेला खळगा भरायला माणूस बोलवावा लागतो.